दवाखाना आणि पाळणा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



डॉक्टर झाल्यावरही घरी राहून मूल वाढवावे, असे मला मनापासून वाटले, हे सांगायला मी लाजत नाही. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. पण ती संपते तेव्हा बाळ जेमतेम बसू लागलेले असते!

रजा संपली त्या रात्री मी राजीनामा लिहिला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "रडत जाऊ नकोस, आणि रडत घरीही बसू नकोस."

तीन वर्षे घरी राहिले. मग सकाळपुरता दवाखाना उघडला. पुढचे शिक्षण मात्र राहून गेले. त्याची हळहळ आहे, पश्चात्ताप नाही.

आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्यामागे दहा दिवसांचे बाळ गमावल्याचे दुःख होते. आईपण आणि वैद्यकी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. दिवसाचे तास तेवढे थोडे!

म्हणून विनंती एकच. शेजारची सून कामावर गेली किंवा घरी राहिली, तरी तिला नावे ठेवू नका; तासभर तिचे मूल सांभाळा.