पाळणा आणि शिरगणती

गावात माणसे किती, हे शिरगणती सांगते. ती जगतात कशी, हे पाहावयाचे तर पाळण्यापाशी गेले पाहिजे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड हे अवर्षणप्रवण तालुक्याचे गाव. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे कार्य आरंभिले. हगवण, धनुर्वात, कुपोषण यांनी मुले दगावत. हे रोग टाळता येण्याजोगे खरे. पण रुग्णालयात बसून ते टळणार नव्हते. म्हणून या दांपत्याने भोवतालच्या खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. कूपनलिकाही दलितवस्तीत घेतल्या गेल्या. शुद्ध पाणी हवे, तर सवर्णांनाही तेथे जाणे प्राप्त झाले.

चारांतील दोन तरी राहतील, असा हिशेब करणाऱ्या आईला लहान कुटुंबाचा उपदेश कसा पटावा? मुले जगू लागली, तेव्हाच तो पटू लागला.

आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्यांच्या कार्याचे सार मात्र एवढेच: लोकसंख्येची चिंता वाहणाऱ्याने आधी जन्मलेले मूल जगविले पाहिजे.