दगडावर उमटलेला देश

लेऑन विचुल्कोव्स्की १८५२ सालीं जन्मास आला, तेव्हां युरोपच्या नकाशावर पोलंड नांवाचें राष्ट्र नव्हतें. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन सत्तांनीं तें वांटून घेतलें होतें, आणि शेवटची वांटणी होऊनही त्या वेळीं सत्तावन वर्षें लोटलीं होतीं. राज्य गेलेल्या लोकांचें राष्ट्रपण राखण्याचें काम अशा वेळीं कवि, गायक व चित्रकार यांच्याकडे येतें. विचुल्कोव्स्कीनें तें आपल्या परीनें केलें; पण तें करीत असतां ज्या तैलरंगांनीं त्याला कीर्ति मिळवून दिली, त्यांजकडेच त्यानें पाठ फिरविली. रंगांवर जन्मभर प्रेम करणारा मनुष्य उतारवयांत काळ्या शाईकडे कां वळतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

त्याचें शिक्षण वॉर्सा, म्यूनिक व क्राकूव या तीन शहरीं झालें. क्राकूव येथील त्याचा गुरु यान मातेइको हा पोलंडचे राजे, दरबार आणि लढाया यांचीं भव्य चित्रें काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. शिष्यानें मात्र निराळी वाट धरली. १८८३ पासून सुमारें दहा वर्षें तो युक्रेनच्या विस्तीर्ण मैदानांत राहिला. जाळीं ओढणारे कोळी, बीट खणणारे शेतकरी, नांगराला जुंपलेले बैल हे त्याचे विषय झाले. आणि खरें पाहिलें तर त्या सर्वांवर पडलेलें सायंकाळचें ऊन हाच त्याचा विषय होता. १८८९ मधील पॅरिसच्या प्रवासानें ही प्रकाशाची ओढ अधिकच वाढली. १८९५ मध्यें तो क्राकूवच्या कलाशाळेंत अध्यापक झाला.

याच शहरीं त्याला नवें साधन सांपडलें. आपल्याकडील जुन्या शिळाछाप पोथ्या ज्या तत्त्वावर छापल्या जात, तेंच हें साधन. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, दगड ओला करावयाचा आणि वरून शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागावर शाई बसत नाहीं. तेलकट रेषा मात्र ती धरून ठेवते. कागद दाबला कीं चित्र उलट होऊन उमटतें. विचुल्कोव्स्कीनें यांत नाना प्रयोग केले. कांहीं ठशांवर तो हातानें रंगही भरी. पण कोरा कागद तसाच सोडून त्यांतून बर्फ उभें करणें आणि काळ्या शाईच्या छटांतून पाइन वृक्षांची दाटी दाखविणें, ही त्याची खरी करामत होय. त्याचा स्नेही फेलिक्स यासिएन्स्की यानें जपानी ठशांचा मोठा संग्रह केला होता. त्या ठशांचा संस्कार या चित्रांवर स्पष्ट दिसतो.

तैलचित्राचा धनी एकच असतो. शिळाछापाचे ठसे अनेक निघतात, आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थालाही एखादा आपल्या भिंतीवर लावतां येतो. विचुल्कोव्स्कीचे ठसे चित्रसंपुटांच्या रूपानें निघूं लागले: १९०६ मध्यें तात्रा पर्वताचें, १९०७ मध्यें लिथुएनियाचें, १९०९ मध्यें डान्झिगचें, १९१० मध्यें डोंगरी हुत्सुल लोकांच्या प्रदेशाचें, १९१२ मध्यें युक्रेनचें. ही यादी नकाशा समोर ठेवून वाचावी. लिथुएनिया व युक्रेन रशियाच्या अमलाखालीं, डान्झिग प्रशियाकडे, तात्रा व हुत्सुल प्रदेश ऑस्ट्रियाकडे. जुन्या पोलिश राज्याचे जे तुकडे तीन बादशाहांनीं तीन दिशांना नेले होते, ते एका चित्रकाराच्या कागदांवर पुनः एकत्र आले.

त्यांतच वावेलचा अंतर्भाव होतो. क्राकूवच्या या टेकडीवर पोलिश राजांचे राज्याभिषेक होत, आणि तेथेंच त्यांच्या समाधि आहेत. तेथील राजवाड्याची ऑस्ट्रियन सैन्यानें बराक केली होती. १९०५ मध्यें सैन्य तेथून हलूं लागलें, आणि १९११–१२ च्या सुमारास विचुल्कोव्स्कीचीं वावेलचीं दोन संपुटें प्रसिद्ध झालीं. त्यांत वीर नाहींत, लढाया नाहींत. आहेत त्या भिंती, घुमट आणि त्यांच्यावरून सरकणारा ऋतु.

१९१८ मध्यें पोलंड स्वतंत्र झाला, तेव्हां तो सहासष्ट वर्षांचा होता. पुढें तो बिडगोश्चजवळील गोश्चेराद्झ या खेड्यांत घर करून राहिला, आणि रोगालिनच्या शेंकडों वर्षांच्या ओक वृक्षांचीं चित्रें काढूं लागला. वादळांनीं मोडलेले, पोखरलेले, तरीही पालवी धरणारे ते बुंधे त्यानें थोर पुरुषाचें चित्र काढावें तशा आदरानें रेखाटले. १९३४ मध्यें, वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं, वॉर्साच्या कलाशाळेनें मुद्रणचित्रकला शिकविण्यास त्याला पाचारण केलें, आणि तो गेला. २७ डिसेंबर १९३६ रोजीं त्याचा अंत झाला. पुढील वर्षीं त्याच्या पत्नीनें त्याचा मोठा चित्रसंग्रह बिडगोश्च शहरास दिला. तेथील संग्रहालयास आज त्याचेंच नांव आहे.

मातेइकोनें आपल्या लोकांना त्यांचा गतकाळ दाखविला. त्याच्या शिष्यानें त्यांना त्यांची भूमि दाखविली, आणि ती घरोघर नेतां यावी म्हणून दगडावर उतरविली. तिच्यावर राज्य कोणाचें, हा प्रश्न त्या ठशांत कोठेंच विचारलेला नाहीं. ती कोणाची, याचें उत्तर मात्र प्रत्येक ठशांत आहे.