वाणीलाही गाळणे हवे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर बोलतो आहे, कारण चूक माझ्याच हातून घडली.

माझा नातू नववीत होता. बोलताना तो किंचित अडखळतो. वर्गातील काही मुले त्याची नक्कल करीत. पुढे तिचे चित्रीकरण मोबाइलवरून फिरले. सोमवार उजाडला की त्याच्या पोटात दुखे, छाती धडधडे. मी म्हणालो, "दुर्लक्ष कर, मर्दासारखा वाग." चार महिने वाया गेले. अखेर सूनबाईंनी त्याला मानसशास्त्रज्ञांकडे नेले.

तेथे उमगले की या व्याधीवर एकच एक मात्रा नसते. प्रथम संथ श्वसन व स्नायू सैल सोडण्याचा अभ्यास. मला आपला कायोत्सर्ग आठवला. नंतर विचारांची वही. 'सगळेच मला हसतात' या विचाराच्या एका बाजूस पुरावा, दुसऱ्या बाजूस प्रतिपुरावा. भ्यालेले मन नुसते नावे मांडते, जमा लिहीतच नाही! अमेरिकेत अल्बर्ट एलिस व ॲरन बेक यांनी या पद्धतीचा पाया घातला, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांचा विचार रुजवला. तिसरी पायरी भीतीला थोडेथोडे सामोरे जाण्याची: आधी शाळेचे फाटक, मग ग्रंथालय, मग वर्गातील एक तास.

मात्र त्यांची एक अट होती. छळ थांबल्याखेरीज तिसरी पायरी चढवायची नाही. मनातली अवास्तव भीती उपचाराने ओसरते. खरा छळ मोठ्यांनीच थांबवावा लागतो. म्हणून शाळेशी बोलणे झाले आणि घरच्यांनाही समोर बसवून समजावले गेले. त्यात मीही होतो.

२००८ साली अमेरिकेत ४८८ चिंताग्रस्त मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ अशा विचारोपचाराने शेकडा सुमारे ६०, केवळ औषधाने ५५, तर दोहोंच्या संयोगाने ८१ मुले ठळकपणे सुधारली. नातवाला औषध लागले नाही. तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. पण एकाच बाजूने सत्य पूर्ण हाती येत नाही, हे अनेकांत मानणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता बोलायला जड जाते ते सांगतो. नक्कल करणाऱ्यांपैकी दोन मुले आपल्याच पाठशाळेतील होती. आपण पाणी गाळून पितो, पायाखालची मुंगी जपतो. वाणीला मात्र गाळणे लावत नाही. मुले हे कोठे शिकली? मी स्वतः दुकानातील एका नोकराला वर्षानुवर्षे त्याच्या व्यंगावरून हाक मारीत होतो आणि नातू गल्ल्याशेजारी बसून ते ऐकत होता. त्या नोकराची मी क्षमा मागितली आहे.

माझी विश्वस्तांना विनंती आहे, की पाठशाळेत वचनाच्या अहिंसेचा स्वतंत्र पाठ असावा आणि वर्षातून एकदा मानसशास्त्रज्ञांना बोलवावे. पालकांनी १४४१६ हा शासनाच्या 'टेली-मानस'चा विनामूल्य क्रमांक लिहून ठेवावा. मूल पोटदुखी सांगू लागले, तर आधी त्याचे ऐकावे.

ती दोन मुले घरी येऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून गेली. नातू आजही अडखळतो. पण आता वाक्य पूर्ण करतो.

जय जिनेंद्र!