डोकं ज्याचं त्याचं

वरकुटे गावच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद मला दिलंत, तेव्हा संयोजकांनी एक प्रेमळ सूचनाही केली होती. ग्रामीण साहित्यावर बोला, उजनीच्या पाण्यावर बोला, उसाच्या बिलावर बोललात तर टाळ्याच टाळ्या. फक्त त्या धर्मांतराच्या भानगडीत पडू नका. मी तेव्हा नुसती मान हलवली. त्यांनी तिचा हवा तो अर्थ घेतला. आता माईक माझ्या हातात आहे.

आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हल्ली एक वाक्य फार स्वस्त झालंय. कुणी ख्रिस्ती झाला की, 'त्याचा ब्रेनवॉश केला.' विषय संपला. त्याला काय पटलं, का पटलं, किती दिवस तो विचार करत होता, हे कुणी विचारत नाही. तोच पोरगा उद्या गळ्यात तुळशीची माळ घालून दिंडीला गेला, मटण सोडलं, तर आपण म्हणतो, सुधारला. एखाद्या पुढाऱ्याच्या मागे गाडीतून चार वर्षं फिरला, शेत पडीक टाकलं, तरी त्याच्या डोक्याबद्दल कुणाला शंका येत नाही. शंका येते ती फक्त तो चर्चमध्ये गेला म्हणजे.

मी ख्रिस्ती नाही. माळकरी घरातला आहे, एकादशी करतो, पालखी निमगाव केतकीवरून इंदापूरला येते तेव्हा रस्त्यावर उभा असतो. कुणा पाद्र्याने मला पाकीट दिलेलं नाही. हेही सांगावं लागतं, यातच आपण कुठे येऊन पोचलोय ते कळतं. माझं म्हणणं साधं आहे. ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारणं वेगळं आणि माणसाचं डोकं ताब्यात घेणं वेगळं. फरक बघायचा असेल तर तो काय मानायला लागला हे बघू नका, कसा मानायला लागला ते बघा. त्याला विचारायची मुभा होती का? गुरूशी भांडता येत होतं का? नको वाटलं तर उठून जाता येत होतं का?

ब्रेनवॉशिंगची जगभर चर्चा सुरू झाली ती कोरियाच्या युद्धात. चिनी छावण्यांतल्या अमेरिकन कैद्यांपैकी २१ जणांनी युद्ध संपल्यावर घरी परतायला नकार दिला आणि अमेरिका हादरली. उपाशी ठेवणं, झोपू न देणं, घरची पत्रं अडवणं, रोज कबुलीजबाब लिहून घेणं, अशा छावण्यांतून ते आले होते. आणि पुढे काय झालं? त्या २१ जणांतले बहुतेक पुढच्या काही वर्षांत मायदेशी परत आले. कोंडून, दमवून बसवलेलं मत कोंडवाड्याबाहेर फार टिकत नाही. हे ध्यानात ठेवा आणि आता आपल्या जिल्ह्यात या.

पुणे-दौंड रेल्वेवर केडगाव आहे. इथून लांब नाही. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आपल्यातले किती जण तिथे गेलेत, हात वर करा. बघा. शिर्डीला किती जण गेलेत ते विचारत नाही.

रमाबाई अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. आईने शिकवलेलं संस्कृत, भागवत तोंडपाठ. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, ही मुलगी भावाबरोबर देशभर पायी फिरली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. १८८२ मध्ये तिने पुण्यात आर्य महिला समाज काढला, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. आणि १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात एकच ओरडा झाला, बाईला फसवली! कलकत्त्याच्या शास्त्र्यांना जिने निरुत्तर केलं, तिला म्हणे वाँटेजच्या जोगिणींनी गोड बोलून फसवली.

आता फसवलेली बाई पुढे काय करते ते ऐका. ज्या सिस्टर जेराल्डाइनने तिला आधार दिला, तिच्याशीच ती वर्षानुवर्षं पत्रांतून भांडते. त्रैक्याचा सिद्धान्त जसा सांगाल तसा मी गिळणार नाही म्हणते. मांसाहार करणार नाही म्हणते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात ती पुरुष विद्यार्थ्यांना शिकवेल हे बिशपांना रुचलं नाही, तर त्यांनाही सुनावते. मायदेशातल्या पुरोहितांचं जोखड मी फेकलं ते तुमचं घेण्यासाठी नाही, हा तिच्या त्या सगळ्या पत्रांचा सूर आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबल मराठीत आणलं, कारण मिशनऱ्यांचा मराठी अनुवाद तिला पटत नव्हता. १९२२ मध्ये ती गेली, ते भाषांतर १९२४ साली छापून झालं. ब्रेनवॉश झालेली माणसं पाहायची असतील तर मी दुसरीकडे नेतो तुम्हाला. टीव्हीसमोर बसवतो.

त्या काळात तिच्या बाजूने कोण उभं राहिलं? जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' काढला आणि रमाबाईंवर तुटून पडणाऱ्यांचा समाचार घेतला. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, होणारही नव्हते. पण बाईला अक्कल असते आणि ती तिची तिला वापरता येते, एवढं त्यांना मान्य होतं. आपल्या भागात कारखान्याचं नगर फुल्यांच्या नावाचं आहे. नाव घेणं सोपं आहे.

तुम्ही म्हणाल, एकटी रमाबाई विद्वान होती, तिच्या हाताखालच्या पोरींचं काय? रास्त प्रश्न आहे, त्यावर थांबू. १८८९ मध्ये तिने मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९३ मध्ये केसरीने रान उठवलं की, बाईंच्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात. रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. बाईंचं उत्तर असं की, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार माझ्या मुलीसाठी उघडं असतं तसं त्यांच्यासाठीही उघडं राहणार. आता याच सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीकडे पाहा. गोदूबाई जोशी. रमाबाईंच्या छपराखाली राहिली, शिकली. आणि त्याच १८९३ च्या मार्चमध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. ती आनंदीबाई कर्वे झाली, शेवटपर्यंत हिंदू राहिली, रमाबाईंविषयी आदर ठेवून राहिली. तिचं आत्मचरित्र आहे, 'माझे पुराण'. वाचा. रमाबाईंचं यंत्र इतकं जबरदस्त होतं तर पहिल्याच पोरीवर ते चाललं कसं नाही? आणि बहिष्कार कुणी घातला? त्या जोडप्याला वाळीत टाकलं ते कर्व्यांच्या मुरूड गावच्या आपल्याच माणसांनी. पाद्र्यांनी नव्हे.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्हाला शाळेत शिकवली असेल, म्हणजे फुलामुलांचे कवी म्हणून शिकवली असेल, पुढचं गाळून. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने नवा करार हातात ठेवला. त्यानंतर वाचन, पत्रव्यवहार, शंका, पुन्हा शंका, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा. बायकोला न सांगता! इथे मी टिळकांची बाजू घेणार नाही. लक्ष्मीबाईंवर तो अन्याय होता आणि त्या 'स्मृतिचित्रे'त तो लपवत नाहीत. पण त्या नवऱ्याच्या मागे लगेच गेल्या नाहीत. वेगळ्या राहिल्या, रडल्या, सोवळंओवळं पाळत राहिल्या. मग आधी जातीचा विचार त्यांच्या मनातून गेला, आणि ख्रिस्ती होण्याचा प्रश्न नंतर आला. सुमारे पाच वर्षं लागली. पाच वर्षं चालणारं ब्रेनवॉशिंग आणि तेही नवऱ्यापासून लांब राहून! टिळकांनी तरी काय केलं? १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, 'देवाचा दरबार' मांडला आणि ख्रिस्त हवा पण साहेबी थाट नको म्हणाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. आमच्या फडावर हे वाक्य कुणी उच्चारलं तर किती जण उठून जातील, याचा मला अंदाज आहे.

आता लालूच. हा आरोप सगळ्यात मोठ्याने होतो. १८५० चा कायदा येईपर्यंत धर्म सोडणाऱ्याचा वडिलोपार्जित वाटा जात असे. ही लालूच? आज काय आहे? १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या यादीतलं त्याचं स्थान जातं. शीख झाला तर राहतं, बौद्ध झाला तर १९९० पासून राहतं, ख्रिस्ती झाला तर जातं. म्हणजे मांगवाड्यातला माणूस येशूकडे जाताना आरक्षण मागे सोडून जातो, आणि आपण म्हणतो, त्याला दुधाच्या पावडरीने विकत घेतलं. त्याने हिशेब केला असता तर तो गेलाच नसता. आणि तो का जातो हे खरंच कळत नसेल तर एवढंच आठवा की, पंढरीच्या विठोबाचं दार दलितांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. त्याच्या आधी जे गेले त्यांच्या डोक्याची तपासणी कुणी करायची? आपण?

उठून जाता येतं का, असं मी सुरुवातीला विचारलं. परत येता येतं का, हेही विचारू. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा अल्पवयीन मुलगा भावामागोमाग मिशनऱ्यांकडे गेला. वडील कोर्टात गेले, आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. योग्यच केलं, लहान मुलाचा धर्म असा कुणी बदलू नये. पण घरी आलेल्या त्या पोराला शास्त्र्यांनी आत घ्यायचं नाकारलं. पाद्र्यांच्यात जेवला, बाटला, संपला! बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताची बाजू घेऊन उभे राहिले तर त्यांच्यावरही गहजब. कोर्टाने उघडलेलं दार आपल्याच लोकांनी खिळे मारून बंद केलं, आणि वर दीडशे वर्षं तक्रार की, गेलेले परत का येत नाहीत.

ख्रिस्ती मंडळींनी आता टाळ्या वाजवायची घाई करू नये. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन होतं. देवळं पाडली, माणसं देव घेऊन रातोरात नदीपार पळाली. ती जबरदस्ती होती, तिला दुसरं नाव नाही. केडगावलाही एक अवघड प्रश्न आहे. दुष्काळातून आणलेल्या मुली १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास होत्या. आठ वर्षांची उपाशी पोर, जिने जेवण दिलं तिचाच देव तिचा देव होणार. तिला निवड होती असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आठ वर्षांच्या पोरांना आपण कोणती निवड देतो, तेही एकदा घरी जाऊन आठवा. ती पोर त्या वर्षी मेली असती, आणि तिला उचलायला आपल्यातलं फारसं कुणी गेलं नव्हतं, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

आजही काही ठिकाणी तंबू ठोकून, साखरेची गोळी बंद करा, प्रार्थनेने बरे व्हाल, असं सांगणारे आहेत. तो धर्म नाही, तो गुन्हा आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा पाद्री, बाबा, मौलवी सगळ्यांना सारखा लागतो. लावा. पण सगळ्यांना लावा. आपल्या मांत्रिकाला नारळ आणि त्यांच्या पास्टरला पोलीस, हे चालणार नाही.

आणि मंडळी, डोकं फिरल्याचा आरोप आपल्या परंपरेला नवा आहे असं समजू नका. बहिणाबाई ब्राह्मणाची बायको. तिने तुकाराम गुरू केला, शूद्र! नवऱ्याने मारलं. पण बाई मागे सरली नाही, देहूला गेली. आज आपण तिचे अभंग कीर्तनात म्हणतो. ती तेव्हा या मंडपात असती तर आपण तिचं म्हणणं ऐकलं असतं, की नवऱ्याची तक्रार लिहून घेतली असती?

बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं की, हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची २१ वर्षं ते वाचत, तपासत राहिले, आणि १९५६ मध्ये नागपूरला लाखो लोक त्यांच्याबरोबर गेले. त्यांना ब्रेनवॉश झालेले म्हणायची हिंमत कुणाची नाही, कारण तिथे उत्तर मिळतं. ख्रिस्ती माणूस आपल्याकडे थोडा आहे, गप्प राहतो, म्हणून त्याच्यावर आपली जीभ चालते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही हेच झालं. वसईच्या मातीतला माणूस, आयुष्यभर मराठीत लिहिणारा. त्याच्या पुस्तकांवर कुणी बोललं नाही, झग्यावर बोलले.

आता शेवटचं. उद्याच्या खुल्या सत्रासाठी एक ठराव माझ्याकडे आला आहे. 'भोळ्याभाबड्या महिला आणि मागासवर्गीय बांधवांचे ब्रेनवॉशिंग थांबवावे' अशी त्याची भाषा आहे. पाटलाचा पोरगा भोळाभाबडा नसतो, बाई असते; बागाईतदार भाबडा नसतो, मागासवर्गीय असतो. ठराव लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याच्या शब्दांनीच सांगितलंय. जिथे खरंच जबरदस्ती झाली, पैसे वाटले, औषध बंद करून माणूस मारला, तिथे नाव, गाव, तारीख घेऊन या. मी तुमच्याबरोबर इंदापूरच्या पोलीस ठाण्यात येतो. पण हा ठराव मी मताला टाकणार नाही. ज्यांना तो मांडायचाच आहे, त्यांनी आधी आपल्याच तालुक्यातल्या एका ख्रिस्ती झालेल्या माणसाला या मंचावर आणावं, त्याला अर्धा तास द्यावा, आणि तो बोलत असताना मध्ये कुणीही बोलू नये.