मुलाखतीत गप्प बसू नका

दोस्तांनो, पहिल्या मुलाखतीत मी वीस मिनिटं गप्प होतो. प्रश्न सोपा होता: यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या संख्येएवढी होते? उत्तर डोक्यात होतं, इंग्रजी वाक्य जुळत नव्हतं. नोकरी गेली.

मग रोज रात्री मित्राला फोनवर एकेक प्रश्न मोठ्यानं सोडवून दाखवू लागलो. आधी मराठीत, मग मोडक्या इंग्रजीत. ‘१ लाख संख्या असतील तर जोड्या सुमारे ५०० कोटी होतात. सगळ्या तपासत बसण्यापेक्षा पाहिलेली प्रत्येक संख्या हॅशमॅपमध्ये ठेवतो, पुढचीची जोडीदार त्यात आहे का बघतो. एका फेरीत काम होतं.’ एवढंच बोलायचं असतं! अडलात तर तसं सांगा. बरेचदा इशारा मिळतो.

आता शेजारी बसलेल्याला हाच प्रश्न समजावून सांगा. मी थांबतो.