अडलेली तांबडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजारी गाय, आजारी बैल यांच्याविषयी रेडिओवर पुष्कळ ऐकायला मिळतं. आजारी कोंबडीविषयी फारसं कोणी बोलत नाही. कारण तुम्हाआम्हाला ठाऊकच आहे. गाय आजारी पडली की डॉक्टर येतो आणि कोंबडी आजारी पडली की पाटा-वरवंटा निघतो. आमच्या घरीही तीच रीत होती. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र एक कोंबडी वाचली. ती कशी वाचली, ते सांगायला मी आज आले आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात. परसात आठ-दहा कोंबड्या. बहुतेक गावठी, दोन गिरिराज जातीच्या. जमीन मामंजींच्या नावावर, गोठा दिरांकडे, पण खुराड्यावर सत्ता सासूबाईंची. अंड्यांचे पैसे त्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत. नातवंडांच्या हातावर ठेवायला, देवीची ओटी भरायला, माहेरच्या लग्नाला जायला लागणारे पैसे त्या डब्यातून निघत. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नसे. खेड्यात वाढलेल्या बायकांना या डब्याची किंमत वेगळी सांगायला नको.

या खुराड्यातली सगळ्यांत गुणाची कोंबडी म्हणजे तांबडी. गिरिराज जातीची, अंगानं थोराड. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देऊन मधेच खुडूक बसते. तांबडीचं तसं नव्हतं. ती बराच काळ नेमानं अंडी द्यायची.

त्या दिवशी सकाळी तांबडी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. बाकीच्या दाण्यांवर तुटून पडल्या, ही भिंतीशी उभी. शेपूट खाली गेलेली, पंख सुटलेले, पिसं फुगलेली. अंग उभं धरून दोन पावलं टाकायची, मग खाली बसून जोर करायची. जास्वंदीसारखा तांबडा तुरा फिका पडला होता. माझ्या मुलानं विचारलं, "आजी, आज रस्सा का?"

मला वाटलं, खुडूक झाली असेल. सासूबाई म्हणाल्या, खुडूक कोंबडीला हात लावून बघ, फुगून अंगावर येते, चोच मारते. तांबडीला उचललं तर तिनं डोळेच मिटून घेतले. सासूबाईंनी तिला काखेत धरलं, शेपटीखाली पोटावरून हलकेच बोटं फिरवली. आत टणक गोळा लागला. त्या म्हणाल्या, "अगो, आजारी नाय ती. अडलीय."

तरुणपणी वाडीतल्या कितीतरी बाळंतपणांना सासूबाई सुईणीच्या हाताखाली राबलेल्या. 'अडली' हा शब्द त्यांनी सहज उच्चारला नव्हता.

शेजारच्या काकी आल्या. त्यांचं मत, बोटानं अंडं फोडून काढून टाका, मोकळी होईल. सासूबाई तयार होईनात. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. अंडं फोडू नका आणि ओढूही नका. आत फुटलं तर कवचाचे तुकडे टोचतात, जखम होते, पू होतो आणि कोंबडी जाते." घरी काय करायचं, तेही त्यांनी फोनवरच सांगितलं.

पसरट घमेल्यात कोमट पाणी घेतलं. आपल्या मनगटाला सुखद वाटेल इतपतच गरम, म्हणजे साधारण 38 ते 40 अंश. त्यात तांबडीला पोट बुडेल एवढं बसवलं. पहिल्यांदा फडफडली, मग शांत झाली. गरम पाण्यानं आतले आवळलेले स्नायू सैल पडतात. वीस मिनिटं तिला तसंच धरून बसलो. पाणी निवलं की थोडं गरम घालायचं. मग फडक्यानं टिपून कोरडं केलं, मागच्या वाटेला कोमट खोबरेल लावलं. जुनं लुगडं अंथरून तिला डालग्याखाली ठेवलं आणि वर गोणपाट टाकला. अंधार, ऊब आणि शांतता, हे अर्धं औषध आहे असं डॉक्टर म्हणाले. पोरांना तिथं फिरकू दिलं नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. "घरात कॅल्शियमची गोळी आहे का? असली तर एवढासा तुकडा पाण्यात विरघळवून चोचीच्या कडेवर थेंब थेंब सोडा. तिचं तिला गिळू दे, घशात ओतू नका, श्वासनळीत जाईल." मी म्हटलं, आमच्याकडे कुठली गोळी? तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि तो पत्र्याचा डबा घेऊन आल्या. नोटांच्या खाली कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

श्रोतेहो, त्याआधी वर्षभरापूर्वी सासूबाई अंगणात घसरल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. नुसत्या हात टेकण्यानं हाड मोडलं, म्हणजे हाडं झिजली आहेत, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. औषधाच्या दुकानातून त्या आम्ही दर महिन्याला आणत होतो. "आई, या घेतल्याच नाहीत?" मी विचारलं. "गरम पडतात," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुटपुटल्या, "मला काय धाड भरलीय?" गोळ्यांची तारीख अजून उलटली नव्हती. पहिलं पाकीट तांबडीसाठी फुटलं.

संध्याकाळी पुन्हा शेक दिला. रात्रीतून अंडं आलं नाही तर सकाळी घेऊन या, इंजेक्शन द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अडलेली कोंबडी एक-दोन दिवसांत दगावू शकते, तेव्हा वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. सासूबाईंनी अंथरूण डालग्याशेजारीच टाकलं. पहाटे त्यांची हाक आली. तांबडीखाली अंडं होतं. भलंमोठं, खडबडीत, एका बाजूला कवच इतकं पातळ की बोटानं दबत होतं. तांबडी मान काढून पाणी पीत होती.

दोन दिवसांनी डॉक्टर गावात आले. त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी अंड्याकडे पुन्हा पहिल्यासारखी पाहू शकले नाही.

एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस-सव्वीस तास लागतात. आधी बलक सुटतो, मग त्यावर पांढरा भाग चढतो, मग पातळ पापुद्रे. हे सगळं पाच तासांच्या आत उरकतं. उरलेले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. कवचाचं वजन पाच-सहा ग्रॅम, आणि त्यात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम. कोंबडीच्या सबंध शरीरात जेवढं कॅल्शियम असतं, त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा एका अंड्यात जातो. बरं, कवच चढतं ते मुख्यतः रात्री, तेव्हा पोटात दाणा नसतो. मग ते येतं कुठून? तिच्या हाडांतून. अंड्यावरच्या कोंबडीच्या पायाच्या हाडांत निसर्गानं यासाठी खास साठा करून ठेवलेला असतो. दिवसा खाण्यातून तो भरून निघाला तर ठीक. नाही निघाला तर हाडं झिजत जातात, कवच पातळ होतं. शिवाय अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. ते कमी पडलं की स्नायू थकतात आणि अंडं वाटेत अडतं.

जंगलातली तांबडी रानकोंबडी पिल्लांपुरती मोजकी अंडी घालते. तिच्या या लेकींकडून आपण वर्षाला शेकड्यांनी घेऊ लागलो आणि खायला काय घातलं? आमच्या तांबडीला घरातला उरलेला भात आणि कोंडा. त्यातून चरबी मिळते, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. त्यात मे महिन्याचा उकाडा. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते, आणि धापा टाकणाऱ्या कोंबडीचं कवच आणखी पातळ होतं. मुंगसाच्या भीतीनं आम्ही त्या दिवसांत कोंबड्या कोंडूनही ठेवल्या होत्या. म्हणजे कारणं सगळी आमच्याच घरातली.

उपाय मात्र फुकटचे निघाले. समुद्राकाठी तिसऱ्यांच्या शिंपांचे ढीग पडलेले असतात. त्या धुऊन, भाजून, कुटून आम्ही वेगळ्या करवंटीत ठेवू लागलो. अंड्यांची कवचंही भाजून बारीक चुरा करून देतो. अख्खी टाकू नयेत, कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते. हा चुरा दाण्यात मिसळायचा नाही, वेगळाच ठेवायचा. जिला लागेल ती खाते. लहान पिल्लांना जास्त कॅल्शियम बाधतं, त्यांच्यापासून तो दूर ठेवावा. भात कमी केला, शेवग्याचा पाला, गांडुळं, वाळवी यांसाठी मोकळं सोडू लागलो. सावलीत थंड पाणी ठेवलं.

सगळ्याच वाचतात असं मात्र नाही. पुढच्या वर्षी आमची काबरी आजारी पडली. तिचं पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत होतं, अंडं मात्र हाताला लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बलक वाटेला न लागता पोटातच पडत राहिलाय, आत सडलाय. पाणी काढलं, औषध दिलं, चार दिवस तिला बरं वाटलं आणि मग ती गेली. सासूबाईंनी तिला माडाच्या मुळाशी पुरलं. असंच दुसरं एक दुखणं म्हणजे जोर करून करून आतला भाग बाहेर येणं. तो दिसला की त्या कोंबडीला आधी वेगळी करा. तांबडा रंग दिसला की बाकीच्या टोचून टोचून तिला मारून टाकतात. भाग कोमट पाण्यानं धुऊन ओला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. 2006 सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो पुष्कळांना आठवत असेल. एखादी कोंबडी अडणं वेगळं आणि एकाएकी चार-पाच मरणं वेगळं. तसं झालं, माना वाकड्या झाल्या, तुरे निळे पडले, तर शेक देत बसू नका. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तसंच कोंबडीला जंतुनाशक औषध दिलं असेल, तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

तांबडी अजून आहे. आता आठवड्याला एखादं अंडं देते, कधी तेही नाही. माझा मुलगा आता रश्शाचं नाव काढत नाही. सकाळी सासूबाई शिंपांची करवंटी भरतात, तेव्हा मी चहाच्या कपाशेजारी त्यांची गोळी ठेवते. पूर्वी त्या नको म्हणायच्या. आता म्हणतात, "तांबडीनं खाल्लीन, मग मी कशाला मागं राहू?"

आत्ता त्या घरी रेडिओ लावून बसल्या असतील. निघताना त्यांनी मला बजावलं होतं, पाणी कोमट घ्यायचं, कढत नाही, हे नीट सांग. ते मी सांगितलं. गोळ्यांचं मात्र सांगू नको म्हणाल्या होत्या. तेही मी सांगून बसले. घरी गेल्यावर ऐकून घेईन.