रात्रीचा फोटो का हलतो?

खापरमधून बोलतोय. आजचा विषय: रात्रीचा फोटो पुसट का येतो आणि त्यासाठी कोणता मोड लावायचा.

उदाहरण आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातलं घेऊ, काठीची राजवाडी होळी. रात्रभर ढोल, रात्रभर नाच, आणि होळी पेटते थेट पहाटे. म्हणजे उजेड कमी आणि समोरचा माणूस सतत हलता. मोबाइलच्या कॅमेऱ्याची ही खरी परीक्षा.

फोटो दोन कारणांनी हलतो. एक तर आपला हात हलतो, नाहीतर समोरचा माणूस. ओळखायचं कसं? फोटो मोठा करून बघा. मागचा होळीचा उभा बांबूही पुसट असेल, तर हात हलला. बांबू स्पष्ट आणि नाचणारा पुसट असेल, तर शटर हळू पडलं.

नाईट मोड पहिल्या दुखण्यावरचं औषध आहे. तो एक-दोन सेकंदांत बरेच फोटो घेऊन जोडतो. बांबू, डोंगर, स्थिर उभी माणसं, सगळं झकास येतं. पण नाचणाऱ्यावर लावला की मोरपिसांच्या टोपाचा नुसता धूर दिसतो!

नाचासाठी प्रो मोड. शटर १/१२५, आयएसओ १६००. काळा आला तर ३२००. दाणे दिसतील, दिसू द्या. होळीला घरी आलेला माणूस परत गुजरातेत कामाला जातो, सोबत हाच फोटो नेतो. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो, हललेल्यात येत नाही.

प्रो मोड नाही? मग उडीच्या टोकाला बटण दाबा, तिथे अंग क्षणभर थांबतं. होळी पेटल्यावर तर उजेड आयताच मिळतो. जाळ तुमच्या पाठीमागे, चेहरे समोर, असे उभे राहा.

पोर्ट्रेट मोड टाळा, तो मोरपिसांच्या कडा खातो. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. फ्लॅश तीन-चार मीटरच पोचतो, आणि पाळणी पाळून नाचणाऱ्याच्या डोळ्यात तो मारणं बरंही नाही. आधी विचारा, मग काढा. आणि लेन्स पुसा राव, खिशातला घाम तिथेच बसतो!

आज रात्री अंगणात कुणाला तरी चालायला सांगा. एक फोटो नाईट मोडवर, एक १/१२५ वर. दोन्ही शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळेल. चला, भेटू पुढच्या भागात!